टर्बो पेट्रोल मॅन्युअल गाड्यांचं कस्टम ट्यूनिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलो १.० टीएसआय, व्हर्टस, स्लाव्हिया, नेक्सॉन टर्बो, आणि मालकांनी जिवापाड जपलेल्या लिनिया टी-जेट नि पुंटो अबार्थ. चाकण आणि रांजणगावातून बाहेर पडलेल्या या गाड्यांनी आपल्याकडे अनेकांना टर्बो पेट्रोलची चटक लावली, तीही क्लच-गिअरसकट. त्यांच्या मालकांकडून सतत येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: मॅन्युअल गाडीचा मॅप, म्हणजे इंजिनच्या संगणकातली आकड्यांची कोष्टकं, करताना क्लच आणि चालवणाऱ्याचा डावा पाय डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. ऑटोमॅटिकसाठी बनवलेली फाइल त्यात चढवली, तर डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, आकडा छान येतो आणि मागोमाग क्लच प्लेटचं बिलही येतं.

रिमॅपमध्ये नेमकं बदलतं काय?

आजच्या ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या संगणकाचा, सगळा हिशेब टॉर्कमध्ये (इंजिनच्या पिळाच्या जोरात) चालतो. तुम्ही ॲक्सिलरेटरचं पेडल (खाली नुसतं ‘पेडल’ म्हटलं तर बहुतेक हेच) किती दाबलं यावरून तो आधी ठरवतो की चालवणाऱ्याला किती टॉर्क हवा आहे. मग त्या मागणीला एकेक मर्यादा लावतो: गिअरबॉक्सची, टर्बोची, हवेच्या तापमानाची, नॉकिंगची (इंधन अवेळी पेटून होणाऱ्या ठोक्यांची). त्यातून जी मागणी उरते, तिच्यासाठी किती हवा, किती इंधन आणि ठिणगी कधी, हे तो ठरवतो.

म्हणूनच ‘बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) वाढवा आणि झालं’ हे आता चालत नाही. नुसता बूस्ट वाढवला तर ईसीयूच्या हिशेबातला टॉर्क आणि प्रत्यक्षातला टॉर्क जुळत नाही. मग तो स्वतःहून थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, मिटतो आणि ऐन ओव्हरटेकमध्ये गाडी दम सोडते. चांगला ट्यूनर पेडलच्या मागणीपासून वेस्टगेटपर्यंतची (बूस्ट आवरणारी टर्बोची झडप) सगळी कोष्टकं एकमेकांशी जुळवतो. वेळ तिथेच जातो, आणि पैसे त्याच वेळेचे घेतले जातात.

‘स्टेज १’ आणि कस्टम मॅप यांत फरक काय?

स्टेज १ म्हणजे त्या मॉडेलसाठी आधीच तयार असलेली फाइल. ती कुठल्या तरी एका गाडीवर, कुठल्या तरी पेट्रोलवर, कुठल्या तरी हवामानात बसवलेली असते. कस्टम मॅप तुमच्या गाडीचा डेटा बघून बसवतात: आधी लॉग (चालत्या गाडीच्या सेन्सरांची नोंद), मग बदल, पुन्हा लॉग. दोन-तीन फेऱ्या तरी होतातच. ‘कस्टम’ म्हणून पैसे घेणाऱ्याने तुमच्या गाडीचा एकही लॉग मागितला नाही, तर तुम्हाला तयार फाइलच मिळाली आहे असं खुशाल समजा.

१.० टीएसआयमधून किती ताकद निघेल?

व्हर्टस-स्लाव्हियाचं १.० टीएसआय इंजिन कंपनीतून ११५ पीएस ताकद आणि १७८ न्यूटन मीटर टॉर्क घेऊन येतं. पोलोत तेच ११० आणि १७५ होतं. हार्डवेअर न बदलता ते साधारण १३५ ते १४५ पीएसपर्यंत नेता येतं. पण या प्रश्नाच्या उत्तरात पीएसपेक्षा टॉर्क कुठे आणि किती, हे जास्त महत्त्वाचं आहे, म्हणून जरा हिशेब करू.

पीएस काढायचं सूत्र सोपं आहे: न्यूटन मीटर गुणिले आरपीएम, भागिले ७,०२४. कंपनीचे १७८ न्यूटन मीटर ४,५०० आरपीएमपर्यंत टिकतात. तिथे हिशेब ११४ पीएसचा येतो, म्हणजे ब्रोशरमधल्या आकड्याशी जवळपास जुळतो. आता एका मॅपमध्ये २,००० आरपीएमला २४० न्यूटन मीटर दिले, असं धरा. पीएस किती? फक्त ६८. दुसऱ्या मॅपमध्ये ५,००० आरपीएमला १९५ न्यूटन मीटर टिकवून धरले. पीएस किती? १३९.

पहिल्या मॅपमध्ये गाडी खालून ‘लाथ मारते’, ड्राइव्हला नेलेला मित्र खूश होतो, आणि क्लचवर सगळ्यात जास्त ताण नेमका तिथेच येतो. दुसऱ्या मॅपमध्ये ताण कमी, वेग जास्त. ऑटोमॅटिकवाल्याला हा फरक तितका जाणवत नाही, कारण तिथे टॉर्क किती पेलायचा ते गिअरबॉक्सचा कंट्रोलर इंजिनशी बोलून ठरवतो. मॅन्युअलमध्ये क्लचची बाजू मांडणारं कुणीच नसतं. मॅप करणाऱ्यानेच ती मांडायची.

मग क्लच टिकेल का?

क्लच बनवताना इंजिनच्या कमाल टॉर्कपेक्षा थोडी जास्त क्षमता ठेवतात. साधारण १.२ ते १.५ पट असं गणित असतं. १७८ ला १.३ ने गुणलं तर २३१ न्यूटन मीटर येतात. हे नव्या, थंड क्लचसाठी झालं. सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत हाफ क्लचवर तापलेल्या, बरंच फिरलेल्या प्लेटची पकड त्याहून कमी असणार.

गिअरबॉक्सचाही विचार हवा. फोक्सवॅगनच्या एमक्यू २०० या गिअरबॉक्सच्या नावातले २०० म्हणजे तो किती न्यूटन मीटरसाठी आखला आहे, त्याची ढोबळ मर्यादा. ती थोडी ओलांडली म्हणून दात लगेच तुटत नाहीत, पण २५० चा मॅप मागताना हा आकडा डोक्यात असलेला बरा.

क्लच घसरतोय का, हे ट्यूनिंगच्या आधीच तपासा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये साधारण २,००० आरपीएमपासून पेडल पूर्ण दाबा. टॅकोमीटरचा काटा आणि गाडीचा वेग एकाच लयीत चढले पाहिजेत. काटा मध्येच ३०० ते ५०० आरपीएमने उडी मारून पुन्हा खाली बसला, तर क्लच घसरतोय. जळका वास येईपर्यंत थांबू नका, तोवर फ्लायव्हीलवर डाग पडलेले असतात.

जड प्रेशर प्लेट बसवली की क्लच जास्त टॉर्क पेलतो, पण पेडल कडक होतं. रोज कात्रज ते हिंजवडी करणाऱ्या माणसाला मी ती सुचवत नाही. त्यापेक्षा मॅपमध्ये कमाल टॉर्क २१० च्या आसपास अडवावा आणि वरची ताकद घ्यावी.

टॉप गिअरमध्ये खालून पिकअप मिळावा असा मॅप करून द्याल का?

नाही. थेट इंजेक्शन (इंधन सरळ सिलिंडरमध्ये) असलेल्या छोट्या टर्बो इंजिनासाठी हे कुणाकडूनही करून घेऊ नका, असंच सांगेन. या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर द्यायला हवं, कारण क्लच गेला तर बदलता येतो, इथे इंजिनच जातं.

कमी आरपीएम आणि जास्त भार, म्हणजे साधारण १,५०० ते २,५०० आरपीएमला पेडल पूर्ण दाबलेलं, अशा वेळी सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइल आणि इंधनाच्या मिश्रणाचा एखादा थेंब सुटून ठिणगीच्या आधीच पेट घेऊ शकतो. पिस्टन अजून वर येत असतो आणि वरून स्फोट होतो. याला लो स्पीड प्री-इग्निशन म्हणतात. नेहमीच्या नॉकिंगमध्ये ईसीयू ठिणगी मागे घेतो, म्हणजे उशिरा पाडतो, आणि प्रश्न मिटतो. इथे ठिणगीच्या आधीच सगळं घडलेलं असतं, त्यामुळे ठिणगी मागे घेऊन काही उपयोग नाही. एखाद्या जोरदार घटनेतही पिस्टनची रिंग बसते त्या खाचेचा काठ तुटू शकतो.

ऑटोमॅटिक गाडीत पेडल दाबलं की गिअर आपोआप खाली येतो आणि इंजिन या पट्ट्यातून बाहेर पडतं. मॅन्युअलमध्ये सहाव्यात ६० ला चाललेला माणूस गिअर न बदलता पेडल जमिनीला टेकवतो. आपल्याकडे तर ॲव्हरेजसाठी लवकर वरचा गिअर टाकायचं वळण ड्रायव्हिंग स्कूलपासून लागलेलं असतं. म्हणून मॅन्युअलच्या मॅपमध्ये २,००० च्या खाली टॉर्क कंपनीइतकाच ठेवायचा आणि २,५०० च्या पुढे हळूहळू वाढवत न्यायचा. घाट चढताना तिसरा टाका. गाडीला तेच हवं असतं.

ऑइललाही यात महत्त्व आहे. कॅल्शियमवर आधारलेली डिटर्जंट हा प्रकार वाढवतात, मॅग्नेशियमवर आधारलेली तितकी वाढवत नाहीत, असं तेल आणि गाडी उद्योगाच्या चाचण्यांत दिसलं. त्यावरूनच २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हे दर्जे आले. हँडबुकमधलं स्पेसिफिकेशन पाळणारं ऑइल घाला आणि ट्यून केलेल्या गाडीत ते कंपनीच्या मुदतीआधी बदला.

पुंटो अबार्थ आणि लिनिया टी-जेटमध्ये इंजेक्शन पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरबाहेर हवेच्या वाटेत, होतं, त्यामुळे त्यांना या प्रकाराचा धोका बराच कमी. जुन्या टी-जेटवाल्यांनी नव्या टीएसआयवाल्यांना दिलेले सल्ले म्हणून जपून घ्यावेत.

लाँच कंट्रोल मॅन्युअलमध्ये कसं चालतं?

गाडी उभी, क्लच दाबलेला, पेडल पूर्ण. या तिन्ही गोष्टी जुळल्या की ईसीयू नेहमीच्या मर्यादेऐवजी दुसरी, खालची आरपीएम मर्यादा लावतो. ठिणगी बरीच मागे नेतो, त्यामुळे जळणं एक्झॉस्टपर्यंत लांबतं, टर्बाइन फिरत राहतं आणि गाडी जागेवर असतानाच बूस्ट तयार होतो. क्लच सोडला की निघालात.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, साधं डिफरन्शियल असलेल्या गाडीत ही मर्यादा ४,००० ठेवली तर फक्त रबर जळतं. आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या टायरवर २,५०० ते ३,००० पुरे. एका वेळी तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, कारण ती सगळी उष्णता टर्बो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाते. दोन लाँचमध्ये गाडी थोडी चालवून गार होऊ द्या.

हे फीचर बंदिस्त जागेसाठी आहे. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, चेन्नईजवळचा ट्रॅक आहे, कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे आहे, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट आहे. सिग्नलवर कुणाशी लावायची असेल, तर मी ते चालू करून देत नाही.

पेडल न सोडता गिअर टाकता येतो ते फीचर काय आहे? गिअरबॉक्स खराब होतो का?

याला फ्लॅट शिफ्ट किंवा नो-लिफ्ट शिफ्ट म्हणतात. उजवा पाय पेडलवर तसाच, फक्त क्लच दाबून गिअर टाकायचा. क्लच दाबल्याचं कळताच ईसीयू ठिणगी किंवा इंधन क्षणभर तोडतो आणि आरपीएम ठरलेल्या मर्यादेवर धरून ठेवतो. थ्रॉटल उघडाच असल्याने बूस्ट पडत नाही आणि पुढच्या गिअरमध्ये गाडी लगेच उचलते.

सगळं अवलंबून असतं क्लच पेडलच्या स्विचवर, आणि नेमकं तेच फार कमी जण तपासतात. ओबीडी (गाडीची निदान यंत्रणा) स्कॅनर लावून लाइव्ह डेटामध्ये क्लच स्विचची नोंद उघडा. इग्निशन चालू, इंजिन बंद. आता खाली वाकून क्लच पेडल हाताने अगदी सावकाश दाबा आणि नोंद कुठे बदलते ते बघा. काही गाड्यांत ती पहिल्या बोटभर हालचालीतच बदलते, कारण तो स्विच क्रूझ कंट्रोल तोडण्यासाठी असतो. काहींत पेडल तळाला टेकल्यावरच बदलते, कारण तो स्टार्टरसाठी असतो.

तळाचा स्विच वापरला तर क्लच सुटून गेल्यावर कट होतो. त्या अर्ध्या क्षणात भाररहित इंजिन गरगरून वर जातं. वरचा स्विच वापरला तर उलट अडचण: क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय असलेल्या माणसाची गाडी ओव्हरटेक करताना अचानक ताकद सोडेल. म्हणून फीचर चालू करण्याआधी स्विचची जागा आणि तुमची सवय, दोन्ही बघावी लागतात. मी त्याला ४,००० आरपीएमच्या वर आणि पेडल ८५ टक्क्यांच्या पुढे असेल तरच चालू होण्याची अट घालतो.

गिअरबॉक्सचं म्हणाल तर कट नीट बसवलेला असेल तर सिंक्रोवर (गिअरचे वेग जुळवणाऱ्या कड्यांवर) येणारा ताण घाईघाईने टाकलेल्या गिअरइतकाच. मर्यादा खूप वर ठेवली तर प्रत्येक शिफ्टला क्लच घासतो. ट्रॅकवर वापरा, ऑफिसला जाताना नको.

पाय काढला तरी आरपीएम लगेच पडत नाहीत. हे काढता येतं का?

येतं, आणि मॅन्युअल गाडीसाठी मला सगळ्यात आवडणारा बदल हाच आहे. पेडल सोडल्यावर थ्रॉटल एकदम मिटला तर क्षणभर जळणं बिघडतं आणि उत्सर्जन वाढतं. म्हणून कंपन्या थ्रॉटल सावकाश मिटवतात. परिणामी दुसऱ्यातून तिसरा टाकताना इंजिन वरच लटकत राहतं आणि क्लच सोडताना झटका बसतो. ताकद वाढवायची नसेल तरी नुसता हा उतार थोडा तीव्र करून घेतला, तर गाडी रोजच्या वापरात कितीतरी गोड होते. पूर्ण काढून टाकू नये, नाहीतर गाडी उचकी लागल्यासारखी चालते.

गिअर खाली टाकताना आपोआप रेस देणारं फीचर बसवता येईल?

त्यासाठी पुढचा गिअर कोणता पडतोय हे आधी कळायला हवं, म्हणजे गिअर लिव्हरच्या जागेचा सेन्सर हवा. निसानने ३७०झेडमध्ये अशी सोय दिली होती. आपल्या बजेटमधल्या क्लच पेडलवाल्या गाड्यांत तो सेन्सर सहसा नसतो, तेव्हा टाच-पंजा (एकाच पायाने ब्रेक आणि रेस) शिका. ते शिकण्यात मजाही आहे.

प्रत्येक गिअरला वेगळा टॉर्क ठेवता येतो?

हो. ईसीयू आरपीएम आणि चाकांचा वेग यांच्या प्रमाणावरून गिअर ओळखतो. पहिल्या-दुसऱ्यात टॉर्क कमी ठेवला की चाकं जागेवर फिरत नाहीत आणि ड्राइव्ह शाफ्टही वाचतात. तिसऱ्या-चौथ्यात पूर्ण द्यायचा. पाचव्या-सहाव्यात खालच्या आरपीएमला पुन्हा आवरायचा, कारण वर सांगितलंच. व्हर्ना १.५ टर्बोसारख्या २५३ न्यूटन मीटरच्या गाडीत तर कंपनीच्याच ताकदीला पुढची चाकं दुसऱ्या गिअरमध्ये सुटतात. तिथे टॉर्क वाढवण्याआधी गिअरनिहाय वाटणी करून बघा, गाडी आहे त्यातच वेगवान होते.

कोणतं पेट्रोल घालू? ई२० ने (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने) काय फरक पडतो?

साधं पेट्रोल किमान ९१ ऑक्टेनचं धरून चालतात. ९५ आणि त्याहून वरचे प्रीमियम प्रकार मोठ्या शहरांत मिळतात. भारत पेट्रोलियमचं स्पीड ९७ आहे, आणि इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० २०२० च्या शेवटी मुंबई-पुण्यासह काही शहरांत आलं. प्रश्न एवढाच विचारा: तुम्ही वर्षभर कुठे पेट्रोल भरता? पुण्यात ९७ वर बसवलेला मॅप घेऊन गावाकडे गेलात आणि तिथल्या एकमेव पंपावर साधंच मिळालं, तर गाडी नॉक सेन्सरच्या भरवशावर चालणार. म्हणून जे हमखास मिळतं त्यावर मुख्य मॅप आणि चांगल्या पेट्रोलसाठी दुसरा, अशी जोडी ठेवावी.

इथेनॉलबद्दल भीती जास्त आणि माहिती कमी आहे. इथेनॉल नॉकिंगला दाद देत नाही आणि बाष्प होताना सिलिंडर थंड करतं, त्यामुळे टर्बोला ते मानवतं. अडचण प्रमाणाची आहे. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७ लागतं, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला नऊ टक्क्यांच्या आसपास जास्त इंधन. रोजच्या चालण्यात ईसीयू ते सांभाळून घेतो. पण वाढीव मॅपवर, वरच्या आरपीएमला, हाय प्रेशर पंपाकडे तेवढी शिल्लक आहे का ते लॉगमध्ये बघावंच लागतं. मागितलेला रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या इंधनाचा दाब) आणि मिळालेला रेल प्रेशर यांत फट दिसली की तिथेच थांबायचं.

इंडियन ऑइलने २०२४ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या निवडक पंपांवर इथेनॉल १०० आणलं. ते फ्लेक्स फ्युएल, म्हणजे जास्त इथेनॉलवरही चालणाऱ्या, गाड्यांसाठी आहे. व्हिडिओ बघून ते साध्या टर्बो गाडीत मिसळू नका.

उन्हाळ्यात आणि घाटात गाडी का दमते?

नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात. बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. आत जाणारी हवा गरम झाली की नॉकिंगची शक्यता वाढते आणि ईसीयू ठिणगी मागे घेतो. डिसेंबरमध्ये पुण्यात बसवलेला मॅप विदर्भातल्या उन्हाळ्यात तसाच वागेल, अशी अपेक्षा ठेवू नका. चांगल्या मॅपमध्ये तापमानानुसार टॉर्क उतरवायची कोष्टकं नीट भरलेली असतात.

‘मोठा इंटरकूलर लावू का’ असं लगेच विचारलं जातं. १.० टीएसआयमध्ये इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली हवा थंड करणारा भाग, पाण्यावर चालणारा आणि इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे. समोर जाळीमागे मोठा इंटरकूलर लावणं इथे सोपं काम नाही.

घाटाचं कारण वेगळं. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या मानाने सुमारे १५ टक्के कमी. मॅपने २.२ बार एकूण दाब मागितला तर रत्नागिरीत टर्बोला हवा सुमारे २.२ पट दाबावी लागते, महाबळेश्वरात जवळजवळ २.६ पट. छोटा टर्बो त्यासाठी फार वेगाने फिरतो. उंचीनुसार बूस्ट कमी करणारी मर्यादा काही ट्यूनर काढून टाकतात, जेणेकरून गाडी वरही तशीच पळावी. ती राहू द्या. टर्बो वाचवण्यासाठीच ती आहे.

पॉप्स अँड बँग्ज करून द्याल?

पेडल सोडल्यावर बंद व्हायला हवं ते इंधन चालू ठेवून आणि ठिणगी मागे नेऊन एक्झॉस्टमध्ये फटाके वाजवायचे, असा हा प्रकार. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून वितळतो, रात्री अकराला सोसायटीतली लहान मुलं दचकून उठतात. नाही.

अँटी-लॅग?

पेडल सोडल्यावरही टर्बो फिरता ठेवणारी ही सोय रॅलीच्या गाड्यांसाठी. तिथे टर्बो ठरावीक अंतरानंतर बदलायचा भाग मानतात.

ट्यूनिंग बॉक्स लावला तर चालेल का?

बॉक्स सेन्सर आणि ईसीयू यांच्या मध्ये बसतो आणि ईसीयूला खोटे आकडे सांगतो. बूस्ट कमी आहे असं सांगितलं की ईसीयू तो वाढवतो. सर्व्हिसिंगच्या आधी काढून ठेवता येतो, एवढा फायदा खरा. पण ईसीयूला चुकीची माहिती मिळत असल्याने त्याची संरक्षणंही चुकीच्या आकड्यांवर चालतात. लाँच, फ्लॅट शिफ्ट, गिअरनिहाय टॉर्क यांतलं काहीच त्यात होत नाही. मॅन्युअल गाडीसाठी मी तो सुचवत नाही.

एकापेक्षा जास्त मॅप ठेवता येतात का?

काही ईसीयूंवर येतात. क्रूझ कंट्रोलच्या बटणांनी बदलायचे. माझी पसंती तीन मॅपना: कंपनीचा मूळ, साध्या पेट्रोलचा, चांगल्या पेट्रोलचा. चौथा हवाच असेल तर आरपीएम ३,००० वर अडवणारा, गाडी दुसऱ्याच्या हातात देताना. घरात नुकतं लायसन्स मिळालेलं कुणी असेल तर हा चौथाच पहिला करून घ्या.

रेव्ह लिमिट वाढवू का?

छोट्या टर्बोचा दम वर संपलेलाच असतो, त्यामुळे फार काही हाती लागत नाही. आणखी एक समज खोडून काढायला हवा: रेव्ह लिमिटर चुकीच्या गिअरपासून वाचवत नाही. चौथ्यातून पाचवा टाकायच्या ऐवजी तिसरा पडला, तर चाकंच इंजिनला ओढून फिरवतात. इंधन तोडून तिथे काहीही थांबत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. धूर आणि आवाजाच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९० खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा कलम १८९ खाली वेगळा गुन्हा.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं किंवा त्याचा सेन्सर सॉफ्टवेअरमधून गप्प करणं, हे मी कुठल्याही कारणाने करत नाही. बीएस६ हे उत्सर्जनाचं मानक एप्रिल २०२० पासून लागू झालं, ते आपल्याच श्वासासाठी.

वॉरंटी आणि विम्याचं काय?

मूळ फाइल परत चढवली की काही कळत नाही, हा समज सोडा. ईसीयू किती वेळा लिहिला गेला याची नोंद अनेक ईसीयूंत राहते, आणि आत कोणतं सॉफ्टवेअर आहे हे पडताळायला ओबीडीमध्ये एक ओळख क्रमांकही असतो. इंजिन किंवा गिअरबॉक्सचा मोठा दावा आला तर कंपनी हे बघणार. वॉरंटी हवी असेल तर ती संपेपर्यंत थांबा. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. अपघातानंतर कळलं तर दावा अडकू शकतो.

डिझेल मॅन्युअललाही हेच लागू?

क्लचबद्दलचं सगळं लागू, उलट जास्तच, कारण डिझेलचा टॉर्क खालूनच येतो. ठिणगी आणि ऑक्टेनचा प्रश्न येत नाही. धूर सोडणारा मॅप मात्र घेऊ नका. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल.

क्लच पेडल नसलेल्या आयएमटी गाडीत ही फीचर्स येतात का?

तिथे क्लच यंत्रच दाबतं, त्यामुळे लाँच आणि फ्लॅट शिफ्ट यांचा पायाच बदलतो. टॉर्क वाढवताना त्या यंत्राच्या मर्यादाही पाळाव्या लागतात. जपून.

ट्यूनिंगला येण्याआधी काय करून यावं?

ऑइल, एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग नवे. टायर चांगले, ब्रेक त्याहून चांगले. स्कॅनरवर दोषाचा एकही कोड नसावा. बूस्टचे पाइप आणि त्यांचे क्लॅम्प हाताने चाचपून बघा, तिथे ऑइलचा ओलावा दिसला तर हवा गळतेय. आणि मूळ मॅपवरचा एक लॉग घेऊन या: तिसऱ्या गिअरमध्ये २,००० पासून ५,५०० पर्यंत, मोकळ्या रस्त्यावर, पेट्रोल नेहमीचंच.

त्या लॉगमध्ये मी सगळ्यात आधी प्रत्येक सिलिंडरची ठिणगी किती मागे गेली ते बघतो. तिन्ही सिलिंडर अर्धा-एक अंश मागेपुढे असतील तर गाडी निरोगी. दोन शून्यावर आणि एकच सारखा चार अंश मागे जात असेल, तर त्या सिलिंडरचा प्लग, कॉइल, नाहीतर इंजेक्टर तपासायचा. तो दोष सापडेपर्यंत मॅप चढवायचा नाही, मालक सोलापूरहून गाडी चालवत आला असला तरी.